यंत्र थांबते तेव्हा

पेडणे महालातील मोपाच्या सड्यावर पूर्वी वारा आणि गुराख्याची हाळी यांखेरीज फारसे काही कानी पडत नसे. ११ डिसेंबर २०२२ रोजी तेथील विमानतळाचे उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमानांची ये-जा सुरू झाली, आणि आमच्या डोक्यावरील आकाशास गर्जनेची सवय जडली. आरंभी धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले आवाज होताच खिडकीकडे धाव घेत. आता मान वळविणारे मूलही विरळाच. सवय जडली की भय ओसरते, हे खरे. परंतु भयाबरोबर विचारही ओसरतो, हे त्याहून खरे आहे.

तथापि एक प्रश्न सवयीनेही पुसला जात नाही. तो विद्वानाच्या मनात असतो तसाच शेतकऱ्याच्याही मनात असतो. वर चाललेले यंत्र मध्येच थांबले तर काय? मोटार बंद पडली तर ती ढकलून रस्त्याच्या कडेस लावता येते. मच्छीमाराच्या होडीचे यंत्र थांबले तर वल्ही हाती घेता येतात. आकाशास ना कडा, ना किनारा. १२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे उड्डाण होताच काही क्षणांत एका मोठ्या विमानाच्या दोन्ही इंजिनांची शक्ती गेली. विमानातील २४२ जणांपैकी २४१ आणि जमिनीवरील १९ जण प्राणांस मुकले. त्या रात्री आमच्या धर्मग्रामातील कित्येक घरांत जपमाळेचा एक दशक त्या अनोळखी मृतांसाठी म्हटला गेला; आणि ज्या घरांतील मुले विमानाने परदेशी नोकरीस जातात, त्या घरांत तो जरा अधिक हळू आवाजात म्हटला गेला.

त्याच वर्षी पावसाळा सरत आला असता आमच्या धर्मग्रामातील एक माता मिस्साची नोंद करावयास आली. तिचा मुलगा महाराष्ट्रातील एका शाळेत वैमानिकाचे शिक्षण घेत आहे.

"फादर, एक मिस्सा पाहिजे," ती म्हणाली.

"कोणाच्या नावे, बाय?"

"माझ्या झिलाच्या. हेतू म्हणून एवढेच लिहा, की त्याच्या विमानाचे इंजिन कधी बंद पडू नये."

आम्ही वहीत तिच्या शब्दांत हेतू लिहून घेतला. परंतु लिहिताना लेखणी क्षणभर अडली. कारण त्याआधी आठच दिवसांपूर्वी तिचा मुलगा सुट्टीवर आला असता आमच्या व्हरांड्यात बसून आम्हांस सांगून गेला होता, की एकदा त्याच्या इंजिनाने दगा द्यावयास आरंभ केला होता, आणि आईस हे अद्याप ठाऊक नाही. ती काही पापनिवेदनातील गोष्ट नव्हती. तरीही ती त्याची होती, आमची नव्हती. म्हणून आम्ही गप्प राहिलो. आता त्याने स्वतःच घरी सर्व सांगितले आहे. उभयतांच्या संमतीने, नावे गाळून, ती हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण तीत आम्हा सर्वांस शिकण्यासारखे काही आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. यंत्र थांबले म्हणजे विमान दगडासारखे खाली कोसळते, अशी आपली समजूत असते. वस्तुतः विमानास वर धरून ठेवतात ते त्याचे पंख, आणि पंखांस हवा असतो वेग. यंत्र तो वेग पुरविते. यंत्र थांबले तरी उंची शिल्लक असते, आणि उंची खर्च करून वेग विकत घेता येतो. घाटमाथ्यावरून उतरणारा सायकलस्वार पायडल न मारताही जातो, तसेच हे. शिकाऊ वैमानिकांचे जे छोटे, एका इंजिनाचे विमान असते, ते इंजिन बंद असतानाही दर हजार फूट उंचीमागे साधारण अडीच किलोमीटर पुढे तरंगत जाते. तीन हजार फुटांवर असलेल्या वैमानिकापाशी अशा रीतीने सात किलोमीटरांची शिदोरी असते, आणि तीन-चार मिनिटांचा अवधी असतो. ही शिदोरी लहान आहे. पण ज्याने ती कशी खर्चावी हे आधीच ठरविले आहे, त्यास ती पुष्कळदा पुरते.

त्या मुलाने आमच्या टेबलावरील कागदावर ते सर्व क्रमाने मांडून दाखविले. पहिली गोष्ट, विमानाचे नाक खाली करावयाचे. ही गोष्ट ऐकावयास सोपी, करावयास कठीण. खाली जमीन जवळ येत असता माणसाचा हात आपोआप दांडी मागे ओढतो, नाक वर करू पाहतो. तसे केले की उरलासुरला वेग जातो, पंखांवरील वाऱ्याची पकड सुटते, आणि मग मात्र विमान खरोखरीच कोसळते. म्हणून ज्या दिशेची भीती वाटते तिकडेच नाक झुकवावयाचे, आणि तरंगण्यास योग्य असा ठरलेला वेग साधून तो सोडावयाचा नाही. सेस्ना १५२ या लहान शिकाऊ विमानाचा तो वेग ६० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १११ किलोमीटर. नाक वर करून चालणाऱ्याचे पुढे काय होते, हे मराठी वाचकास आम्ही सांगावयास नको.

दुसरी गोष्ट, उतरावयाची जागा निवडायची. वाऱ्याकडे तोंड करून उतरता येईल अशी, आणि एकदा निवडली की शक्यतो बदलावयाची नाही. तिसरी गोष्ट, वेळ असेल तर यंत्र का थांबले ते पाहावयाचे. इंधनाचा खटका योग्य टाकीवर आहे काय? हवा व इंधन यांचे मिश्रण ठीक आहे काय? मॅग्नेटोची किल्ली दोन्हींवर आहे काय? या लहान इंजिनांत प्रत्येक सिलिंडरास दोन प्लग असतात, आणि त्यांस ठिणगी देणारे मॅग्नेटोही दोन, एकमेकांपासून स्वतंत्र; एक निकामी झाला तर दुसऱ्याने निभावून न्यावे म्हणून. हे सर्व पाहूनही यंत्र उठले नाही, तर चौथी गोष्ट: रेडिओवर तीनदा 'मेडे' असा पुकारा करून आपले ठिकाण सांगावयाचे. आणि अखेरीस, आग लागू नये म्हणून इंधन व वीज बंद करून, धक्क्याने दारे अडकून बसू नयेत म्हणून ती आधीच किंचित उघडून, होईल तितक्या कमी वेगाने जमिनीवर टेकावयाचे.

'मेडे' हा शब्द फ्रेंच भाषेतून आला असून त्याचा अर्थ 'मला साहाय्य करा' असा होतो, हे ऐकून आम्हांस मौज वाटली. प्रत्येक मिस्साच्या आरंभी आम्ही तीनदा 'हे प्रभो, दया कर' म्हणतो, त्याचीच ही आकाशातील बहीण! परंतु क्रम ध्यानी घ्यावा. हाक चौथी आहे, पहिली नाही. वैमानिकांस पहिल्या दिवसापासून शिकविले जाते, की आधी विमान उडवावे, मग दिशा पाहावी, आणि मग बोलावे. जो घाबरून आधी बोलावयास लागतो, त्याचा हात दांडीवरून ढळतो.

येथे कोणी भाविक वाचक विचारील, की फादर, मग प्रार्थनेस चौथे स्थान द्यावयाचे काय? हा प्रश्न आम्हांसही पडला, आणि त्याचे उत्तर आम्हांस प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात सापडले. संत पौलास बंदिवान करून रोमकडे नेणारे ते अलेक्झांड्रियाचे गलबत वाचकांस आठवत असेल. त्यावर २७६ माणसे होती. वादळाने दिवसेंदिवस सूर्य दिसू दिला नाही, तारे दिसू दिले नाहीत. देवदूताने पौलास वचन दिले, की गलबत जाईल पण एकही जीव जाणार नाही. आता, वचन मिळाले म्हणून खलाशी हात जोडून बसले काय? मुळीच नाही. त्यांनी गलबत हलके केले, ओळंबा टाकून पाण्याची खोली मोजली, चार नांगर टाकले. आणि काही खलाशी छोट्या होडीतून चोरून पळू लागले, तेव्हा खुद्द ज्यास वचन मिळाले होते त्या पौलानेच शताधिपतीस बजाविले, की हे लोक गलबतावर राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. देवाचे वचन आणि खलाशाचा हात यांत त्याने विरोध पाहिला नाही. ज्या हातांकरवी वचन पुरे व्हावयाचे, ते हात आपल्या जागी असले पाहिजेत, एवढेच तो म्हणाला. पहाट होईतो त्याने सर्वांस धीर दिला, भाकर मोडून खाल्ली आणि इतरांस खावयास लाविली. जो नाक खाली ठेवून, वेग सांभाळून, खटके तपासीत आहे, त्याची प्रार्थना त्याच्या बोटांत चालू आहे. ओठांवरची चौथी असली तरी ही बोटांतली पहिलीच होय.

आता त्या मुलाची हकीकत. पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती. हवा दमट होती. तो एकटाच विमान घेऊन अडीच हजार फुटांवर सराव करीत असता इंजिनाचे फेरे हळूहळू उतरू लागले, आणि मग ते धडधडू लागले. खाली उसाचे फड, एक ओढा, आणि दूरवर धावपट्टी. "फादर, पहिल्या क्षणी मला आई दिसली," तो म्हणाला. "दुसऱ्या क्षणी वेगाचा काटा दिसला. त्यानंतर मला काहीच आठवत नाही. हातच सगळे करीत होते."

त्याने वेग धरला, एक मोकळे शेत हेरून तिकडे तोंड केले, आणि मग कारणाकडे वळला. कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनास एक जुना रोग आहे. हवा त्यातील अरुंद गळ्यातून वेगाने जाते, इंधनाची वाफ होते, आणि या दोहोंमुळे आतले उष्णतामान इतके उतरते, की बाहेर वीस-पंचवीस अंश ऊन-हवा असतानाही आत बर्फ धरतो. हवा जितकी दमट तितके भय अधिक. आपल्या पावसाळी हवेत बर्फाचा विचारही कोणाच्या मनात यावयाचा नाही. पण तो धरतो, गळा आवळतो, आणि इंजिन गुदमरू लागते. त्यावर उपाय एक दट्ट्या. तो ओढला की इंजिनाच्या धुराड्यावरून तापलेली हवा आत येते आणि बर्फ वितळतो.

त्याने दट्ट्या पूर्ण ओढला, आणि इंजिन सुधारण्याऐवजी अधिकच बिघडले! फेरे आणखी उतरले, सारे विमान थरथरू लागले. कारण उष्ण हवा विरळ असते, आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी इंजिनातूनच जावे लागते. या क्षणी प्रत्येकास वाटते, की आपण केले ते चुकले, दट्ट्या पुन्हा आत ढकलावा. जो ढकलतो त्याचा बर्फ तसाच राहतो. त्याच्या शिक्षकाने त्यास शंभरदा सांगितले होते, की आधी बिघडेल, मग सुधारेल. हात लावू नकोस. त्याने हात लाविला नाही. अर्धा मिनिट गेला असावा. मग एक उचकी, आणखी एक, आणि इंजिन पूर्ववत् गाऊ लागले. तो धावपट्टीवर परतला, यथाविधि उतरला, यांत्रिकास सर्व सांगितले, आणि मग विमानाच्या चाकाशी बसून रडला.

वीस वर्षांच्या आसपास आम्ही पापनिवेदनाच्या आसनावर बसत आलो आहोत. किती माणसे प्रथमच मन मोकळे करतात आणि आठ दिवसांनी येऊन म्हणतात, "फादर, त्या दिवसापासून तर अधिकच अस्वस्थ वाटते; दारू सोडली तर हात कापतात, भावाशी बोलणे सुरू केले तर जुन्या जखमा वाहू लागल्या." त्यांस आम्ही यापूर्वी अनेक दृष्टान्त देत होतो. आता हा एक देतो. बर्फ वितळतो आहे, बाबा. दट्ट्या आत ढकलू नकोस.

दुसऱ्या दिवशी आजाऱ्यांस ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी निघालो असता आमची दृष्टी बदलून गेली होती. त्या मुलाने जाताना विचारले होते, "फादर, आपल्या महालात इंजिन गेले तर कुठे उतराल?" मोपासारखे सडे वरून सपाट दिसतात, पण कातळ उंचसखल, मधूनमधून धोंडे आणि झुडपे. हरमल, मांद्रे, मोरजी येथील वाळू लांबलचक, पण तिच्यावर माणसे. तेरेखोल व शापोरा या नद्यांच्या काठची भातशेते बरी. मात्र पावसाळ्यात चिखल चाक धरून विमान उलथवील. आणि डिचोलीकडे वळावे तर एका बाजूस खाणींचे पाणी साचलेले खोल खड्डे आणि मातीचे उंच ढीग, दुसऱ्या बाजूस माड-पोफळींची कुळागरे. अनेक वर्षे पायाखाली घातलेली ही भूमी आम्हांस नव्यानेच दिसली. प्रत्येक मोकळ्या तुकड्यावर कोणी ना कोणी नांगर धरून, गुरे राखून, किंवा जाळे वाळवीत उभे होते.

येथेच या विषयाचा सर्वांत गंभीर भाग येतो. वर संकटात सापडलेला माणूस एकटा नसतो. खाली आपण असतो. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी दाबोळीच्या नौदल-तळावरून सरावासाठी निघालेल्या मिग-२९के जातीच्या विमानास पक्ष्यांचा थवा धडकला. डावे इंजिन विझले, उजव्याने पेट घेतला. ते युद्धविमान होते, लहान शिकाऊ विमान नव्हे. पण दोन आसनांच्या त्या विमानातील कॅप्टन एम. श्योकंद आणि लेफ्टनंट कमांडर दीपक यादव यांच्यापुढील प्रश्न तोच होता. विमान वाचणार नाही हे कळल्यावर त्याचे तोंड वस्तीपासून दूर वळविले गेले, आणि मगच दोघे आसनासह बाहेर फेकले जाऊन हवाई छत्रीने उतरले. विमान वेर्ण्याच्या बाजूस कातळावर पडून जळाले. खाली कोणाचाही जीव गेला नाही. ज्यास आपला जीव वाचविण्याची खुंटी हाताशी आहे, त्याने ती ओढण्यापूर्वी खालच्या अनोळखी घरांचा विचार करावा, याहून शेजारधर्म तो कोणता? चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्तातील वाटसरू रस्त्याच्या एकाच पातळीवर तरी होते. येथे शेजारी हजारो फूट खाली आहे, त्याचे तोंडही दिसत नाही, आणि त्यास आपण वाचलो हे कधी कळतही नाही.

विमानविद्येच्या इतिहासातील आणखी एक प्रसंग आमच्या तरुण वाचकांनी ध्यानी धरावा असा आहे. १९२९ साली आगाखान यांनी हिंदुस्थान व इंग्लंड यांमध्ये एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसास ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. पंचवीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले. सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. दोघांची गाठ वाटेत मिसर देशात अबूकीर येथे पडली. अस्पी तेथे स्पार्क प्लगवाचून अडकून पडले होते. प्लग म्हणजे अंगठ्याएवढी वस्तू. पण तीवाचून ठिणगी नाही, ठिणगीवाचून इंजिन नाही. प्रतिस्पर्धी अडकला म्हणजे आपला मार्ग मोकळा, असा हिशेब कोणीही केला असता. टाटांनी आपल्यापाशी असलेल्यांतून प्लग काढून दिले. शर्यत अस्पींनी जिंकली. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून टपाल घेऊन एका इंजिनाचे विमान मुंबईस जुहू येथे आणिले आणि या देशातील नियमित हवाई टपालाचा पाया घातला. अस्पी इंजिनिअर भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले. डिसेंबर १९६१ मध्ये आमचा गोवा मुक्त झाला त्या वेळी वायुदलाची धुरा त्यांच्याच खांद्यावर होती. एका लहानशा प्लगाचे दान किती दूर जाते, हे देणाऱ्यास देतेवेळी ठाऊक नसते. दहा कुमारींच्या दृष्टान्तात शहाण्यांनी तेल दिले नाही, कारण दिले असते तर दोघींच्याही दिव्यांस पुरले नसते. येथे पुरणार होते, म्हणून दिले. परंतु एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे: देणारा असो वा न देणारा, निघण्यापूर्वी त्याने आपली शिदोरी मोजून घेतली होती.

निघण्यापूर्वी! वैमानिकाचे अर्धे काम जमिनीवरच होते, हे आम्ही त्या मुलाकडून शिकलो. उड्डाणापूर्वी तो टाकीच्या तळाशी असलेल्या तोटीतून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात घेऊन पाहतो. पाणी जड, ते तळाशी बसते, आणि पेल्यात वेगळे दिसते. दोन्ही मॅग्नेटो एकेक करून तपासतो. आणि धावपट्टीच्या टोकाशी उभा राहून स्वतःशी मोठ्याने म्हणतो, की उड्डाण होताच इतक्या उंचीच्या आत इंजिन गेले तर मी मागे वळणार नाही, समोर मिळेल त्या जागी उतरेन. कारण अनुभव असा, की अशा वेळी प्रत्येकास मागची परिचित धावपट्टी खुणावते, आणि कमी उंचीवर वळू पाहणारे पुष्कळ वैमानिक त्या वळणातच मृत्यू पावले आहेत. लोटाच्या बायकोची गोष्ट आम्ही सेमिनरीत शिकलो. ती धावपट्टीच्या टोकाशी इतक्या जवळून आठवावी लागते, हे ठाऊक नव्हते.

आणि हे सर्व पाठ असावे लागते. तपासणीची यादी छापील असते. पण यंत्र थांबते त्या घटकेस कागद शोधीत बसावयास सवड नसते. म्हणून पहिली पावले तोंडपाठ करवून घेतात. सराव करताना शिक्षक न सांगताच थ्रॉटल मागे ओढतो, आणि विद्यार्थ्याने त्या क्षणी नाक खाली करावयाचे. शंभर वेळा. आजकाल पाठांतरास पुष्कळ लोक नावे ठेवतात. मुलांस प्रार्थना पाठ करावयास लावू नये, अर्थ कळला म्हणजे झाले, असे सुशिक्षित पालक आम्हांस सांगतात. अर्थ कळावाच, त्यात वाद नाही. पण आम्ही मरणशय्येशी पुष्कळदा बसलो आहोत. डिचोली महालातील एका वृद्ध गृहस्थास अखेरच्या दिवसांत स्वतःचे मूलही ओळखता येत नव्हते. आम्ही रुग्णाभ्यंग देऊन 'नमो मरिया' म्हणावयास आरंभ केला. दुसऱ्या ओळीपाशी त्यांचे ओठ हलू लागले, आणि शेवटच्या ओळीपर्यंत ते आमच्याबरोबर आले. त्यांचे इंजिन थांबले होते, वाचकहो. लहानपणी आईने जे शंभरदा म्हणवून घेतले, त्यावर ते तरंगत चालले होते.

त्या मातेच्या मिस्साची तारीख येण्यापूर्वीच तिच्या मुलाने तिला दूरध्वनीवरून सर्व सांगितले. आम्ही त्यास एवढेच म्हटले होते, की तुझी आई ज्या गोष्टीसाठी प्रार्थना करीत आहे, ती तिला नीट ठाऊक असावी. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "मग तू काय काय केलेस? पहिल्यापासून सांग." त्याने क्रमाने सांगितले: नाक, जागा, इंधन, ठिणगी, उष्ण हवा. तिने ते त्याच्याकडून दुसऱ्यांदा म्हणवून घेतले, तिसऱ्यांदा म्हणवून घेतले. कुठे अडखळला तर "पुन्हा" म्हणाली. वैमानिकाच्या त्या परीक्षकाने चौथी इयत्ताही ओलांडलेली नाही. मग ती आमच्याकडे आली आणि वही उघडावयास सांगितली.

"फादर, हेतू बदला," ती म्हणाली. "इंजिन आहे, ते केव्हातरी बंद पडणारच. त्याला त्या वेळी सगळे आठवावे, असे लिहा."

आम्ही जुनी ओळ खोडून नवी लिहिली. तिच्या पहिल्या हेतूत काही अयोग्य होते, असे आम्ही म्हणत नाही. संकट येऊच नये म्हणून मागावे. ख्रिस्ताने शिकविलेल्या प्रार्थनेतही ते मागणे आहे. पण गेथशेमानीच्या बागेत त्याने स्वतः प्याला टळावा म्हणून मागितल्यावर, प्याला टळला नाही तेव्हा तो उठून उभा राहिला आणि सामोरा गेला.

पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी २४ मार्च १९२० रोजी लोरेटोच्या मातेस वैमानिकांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. इटलीतील लोरेटो येथे नासरेथचे पवित्र घर देवदूतांनी आकाशमार्गाने वाहून आणिले, अशी परंपरा आहे. म्हणून हा मान तिला. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी तिचा १० डिसेंबरचा स्मरणदिन सार्वत्रिक ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत समाविष्ट केला. जी लितानी आपण जपमाळेच्या शेवटी म्हणतो, ती याच लोरेटोच्या नावाने ओळखली जाते; तेव्हा या मातेस आपण रोजच हाक मारीत आलो आहोत.

आमच्या चर्चमध्ये १० डिसेंबर रोजी सायंकाळची मिस्सा तिच्या नावे अर्पण होईल. जे वर उडतात त्यांच्यासाठी. जे रात्री जागून त्यांची यंत्रे तपासतात त्या यांत्रिकांसाठी. आणि ज्यांच्या शेतांवर, घरांवर, वाळूवर ते एखाद्या दिवशी अकस्मात उतरतील, त्या आम्हा सर्वांसाठी. पालकांस विनंती, की त्या दिवशी मुलांस बरोबर आणावे, आणि येण्यापूर्वी त्यांच्याकडून 'नमो मरिया' एकदा म्हणवून घ्यावे. अडखळली, तर पुन्हा.